धुतलेली हळद

दुकान काढायची कल्पना माझी होती, असं आमची ही, मनुबाई, सगळ्यांना सांगत असे. ते खरं नाही. मी फक्त एक निरीक्षण बोलून दाखवलं होतं, तेही जेवताना, आणि ते बरोबर होतं की नाही याची मला स्वतःलाच खात्री नव्हती.

अलिबागच्या कोर्टात मी एकतीस वर्षं रेकॉर्ड कीपर होतो. वाटणीचे दावे आले की घरातल्या चीजवस्तूंच्या याद्या यायच्या. पितळी हंडे, लाकडी पेट्या, पाटे-वरवंटे, आणि जवळजवळ प्रत्येक यादीत एक ओळ: ‘शालू, नग एक, पेटीत.’ अशा शेकडो याद्या माझ्या हाताखालून गेल्या. त्या शालवांचं पुढे काय होतं, हा प्रश्न मला कधी पडला नाही. तो पडला सत्तावन्न साली, निवृत्त झाल्यावर, जेव्हा करण्यासारखं दुसरं काही उरलं नाही.

मी म्हणालो, “गंमत आहे. घराघरात एकेक शालू पेटीत पडलेला असतो, जन्मात एकदा नेसलेला. आणि मुलीच्या लग्नात शालू कुठून आणायचा म्हणून दुसऱ्या घरात सगळे डोक्याला हात लावून बसतात.”

मनुबाई भात वाढत होती. ती म्हणाली, “मग आपण दुकान काढू या.”

मी ताक मागितलं. मला वाटलं, विषय संपला.

महिन्याभरात बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत खोली मिळाली. तिथे पूर्वी गावातल्या हौशी नाटक मंडळाच्या तालमी होत असत. मंडळ मोडलं होतं, पण भिंतीवर कुणीतरी राजवाड्याचा एक खांब आणि त्यावर बसलेला पोपट रंगवून ठेवला होता. दोनदा चुना दिला तरी पोपट वर येत राहिला. शेवटी मी त्याच्यावर कपाट लावलं. शेपटी बाहेर राहिली.

पाटीवर काय लिहायचं याचा विचार करण्यात माझे पंधरा दिवस गेले. ‘जुने शालू’ म्हटलं तर मन उतरतं. ‘वापरलेले’ म्हटलं तर त्याहून वाईट. वाचनालयात जाऊन दोन शब्दकोश पाहिले, त्यांचाही उपयोग झाला नाही. शेवटी लिहिलं: ‘लग्नाची वस्त्रे. एकदाच नेसलेली.’ वर ‘श्री’ घालायची का, हे रंगाऱ्याने विचारलं. मी विचार करतो म्हणालो, तोवर त्याने घालून टाकली.

माल आणण्याचं काम मनुबाईचं. मला बायकांशी बोलता येत नाही. पुरुषांशीही येत नाही, पण ते कोर्टात चालून जात असे. ती हळदीकुंकवाला जाई, पापड लाटायला जाई, आणि येताना पदराखाली गाठोडं घेऊन येई. पहिल्यांदा आला तो डाळिंबी रंगाचा बनारसी शालू, बुट्ट्यांचा, बोटभर जरीच्या काठाचा.

“काशीदच्या एका बाईंचा आहे,” ती म्हणाली. “नाव विचारू नका.”

मला ते फार पटलं. घरातला शालू विकायला काढला हे चारचौघांत कळणं कुणालाही जड जाणार. म्हणून मी नियमच केला की नाव कधी विचारायचं नाही, लिहायचं नाही, सांगायचं नाही. वहीत फक्त नंबर. डाळिंबी शालू नंबर एक झाला. वैशाखापर्यंत अकरा नंबर जमले.

आता माझी चूक सांगतो. ती मी फार काळजीपूर्वक केली.

प्रत्येक शालवाच्या पदराच्या टोकाला एक डाग असे. लग्नात नवरीच्या पदराची नवऱ्याच्या शेल्याशी गाठ बांधतात, गाठीत सुपारी आणि हळकुंड असतं, भोवती सगळ्यांचे हात हळदीने माखलेले असतात. त्यामुळे टोकाला पिवळा डाग पडतो आणि गाठीची एक चुणी कायमची बसते. मला वाटलं, असा डागाळलेला पदर गिऱ्हाइकासमोर कसा ठेवायचा? वाचनालयात गृहिणींसाठी लिहिलेलं एक पुस्तक मिळालं. त्यात म्हटलं होतं की हळदीचा डाग पाण्याने जात नाही, उन्हाने जातो.

मी पदराचं टोक रिठ्याच्या पाण्याने धुतलं. मग शालू गच्चीवर पसरला आणि बाकीचा रंग उडू नये म्हणून त्यावर माझं पांढरं धोतर झाकलं. फक्त डागाचं टोक तेवढं उघडं ठेवलं. कावळे येऊ नयेत म्हणून छत्री घेऊन शेजारी वाचत बसलो. तीन दुपारी. तिसऱ्या दिवशी डाग गेला. मग तांब्यात निखारे घालून तो चुणीवरून फिरवला, चुणीही गेली. मी मनुबाईला हाक मारून दाखवलं. तिने टोक हातात घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, “छान निघाला हो.” मग खाली निघून गेली.

उत्साहाच्या भरात उरलेले दहाही मी तसेच स्वच्छ केले. आयुष्यात आपण एक काम नीट केलं, असं मला वाटत होतं.

गिऱ्हाइकं येऊ लागली. पोयनाडकडची, किहीमची, खाडीपलीकडची. बायका शालू पाहून हरखायच्या, रंगावरून हात फिरवायच्या. मग न चुकता पदराचं टोक शोधून उजेडात धरायच्या, एकमेकींकडे बघायच्या आणि “येतो हां” म्हणून उठायच्या. मला वाटे, त्या माझ्या इस्त्रीचं कौतुक करत आहेत. दर वेळी एवढं कौतुक करून कुणी घेत का नाही, हे मात्र कळत नव्हतं. दोष माझ्या बोलण्यात असावा असं धरून मी गिऱ्हाईक आलं की कपाटाआड जाऊ लागलो.

पहिली विक्री झाली ती अंबाजीला. तो पोयनाडच्या पुढे खाडीकाठच्या एका गावचा, मिठागरावर काम करणारा. पायांची कातडी मिठाने पांढरी पडलेली. बहिणीची पोर मैना, तिचा बाप लहानपणीच गेला म्हणून यानेच वाढवलेली. साखरपुड्यात नवऱ्याच्या आजीने सगळ्यांदेखत विचारलं होतं की मामा काय नेसवणार, आणि हा बोलून गेला होता, जरीचा शालू. त्याने टोकबीक काही पाहिलं नाही. डाळिंबी रंग पाहिला, एकदा डोळे मिटले आणि म्हणाला, “ह्योच. पोरगी गोरी हाय माजी.” त्याने शालू डोक्यावर धरून नेला, देवाचा टाक नेतात तसा.

आठ दिवसांनी सकाळी तो परत आला. हातात तोच शालू, त्याच कागदात. तो रागावलेला असता तर मला बरं वाटलं असतं. रागावलेल्या माणसांची मला कोर्टात सवय होती. हा बाकावर बसला आणि शालू मांडीवर घेऊन कागदाची घडी चाळवत राहिला.

शेवटी बोलला. नवऱ्याची आजी ठमाबाई आदल्या दिवशी नवरीचे कपडे बघायला आली होती. तिने पदराचं टोक उजेडात धरलं आणि म्हणाली, ह्यो शालू नेसलेला हाय, घड्या पडल्यात, पन गाठीची खून न्हाय आनि हळद न्हाय. मंग ह्याच्यात लगीन लागलं त कनचं?

“मी काय सांगनार?” अंबाजी म्हणाला. “मंग तिलाच सुचलं. म्हनते, त्या खोलीत नाटकवाले व्हते न्हवं? त्यांचाच ह्यो. नाटकातल्या लग्नाला हळद कशाला लागंल?”

मी कपाटाबाहेर आलेल्या पोपटाच्या शेपटीकडे पाहिलं.

“आनि नाटकात नवरी कोन व्हतो? बाप्या. म्हनते, बाप्यानं नेसलेला शालू माज्या नातसुनेला नको. खोट्या लग्नाचा शालू नेसली त पोरगी खोटीच नांदंल.”

त्याच संध्याकाळी नवऱ्याकडून उष्टी हळद यायची होती. आधी नवऱ्याला हळद लावतात, त्याच्या अंगाची उरलेली हळद नवरीकडे येते आणि तीच तिला लागते. तोवर शालवाचा उलगडा झाला नाही तर हळद तशीच परत नेईन, असं ठमाबाई सांगून गेली होती. हळद परत गेली म्हणजे लग्न मोडलं.

“भाऊसाहेब, येवडंच सांगा, कोनाचा हाय. नाव कळलं त म्हातारी गप व्हईल.”

नाव मला माहीत नव्हतं, आणि शोधून काढलं असतं तरी ते सांगायचं नाही हा नियम माझाच होता. मी म्हणालो, “मी लेखी देतो. नाटकाचा नाही म्हणून. सही करून.”

“तिला वाचता येत न्हाय.”

“मग कुणीतरी वाचून दाखवेल.”

“तो वाचनारा खोटं वाचतो म्हनंल.” अंबाजीने शालवावरची सुरकुती बोटाने सरळ केली. “पोरगी काल रातपासून बोलत न्हाय. मला काय बी म्हनली न्हाय. म्हनली असती त बरं झालं असतं.”

हे मला चांगलंच कळत होतं.

मागच्या दारात मनुबाई उभी होती. ती कधी आली कळलं नाही. “भाऊ, चहा घ्या,” ती अंबाजीला म्हणाली, “आणि पुढे व्हा. शालू राहू दे आमच्याकडे. दुपारच्या एसटीने आम्ही दोघं येतो.”

दोघं हा शब्द ऐकून मी कपाटाआड जायला निघालो.

एसटीत ती खिडकीशी बसली, शालू मांडीवर. मी वाटेत काय बोलायचं ते मनात जुळवत होतो. बस कार्लेखिंडीची चढण चढायला लागली तेव्हा ती बाहेर बघतच म्हणाली, “हा शालू माझा आहे.”

“कोणता?”

“आणखी कितीक आहेत इथे? हाच. आपल्या लग्नातला.”

मी शालवाकडे पाहिलं. मग तिच्याकडे. मग पुढच्या माणसाच्या टोपीकडे.

“काशीदच्या बाई?”

“काशीदला माझी मावशी होती. अगदीच खोटं नाही ते.”

मग तिने सगळं सांगितलं. ती माल मागायला जाई तेव्हा बायका पहिल्यांदा विचारत, तुम्ही तुमचा दिलात का? त्याला उत्तर हवं होतं. म्हणून तिने स्वतःची पेटी उघडली. मला सांगितलं असतं तर मी नको म्हणालो असतो आणि दुकान तिथेच राहिलं असतं. म्हणजे अलिबागच्या निम्म्या बायकांना नंबर एक कुणाचा ते माहीत होतं. वही लिहिणाऱ्याला तेवढं नव्हतं.

“पण मी तो तीन दिवस उन्हात...”

“हो ना. मला वाटलं, पहिल्या दुपारी ओळखाल. मग वाटलं, दुसऱ्या. तिसऱ्या दुपारी तुम्ही हाक मारून मलाच दाखवलात.”

“तू बोलली का नाहीस?”

तिने जरा विचार केला. “आधी गंमत वाटली. मग राग आला. मग तुम्ही ती छत्री घेऊन बसलेले दिसलात, पुन्हा गंमत वाटली.”

खिंड उतरेपर्यंत मी त्या टोपीकडेच बघत होतो. क्षमा मागायला हवी होती, पण कशाची आणि कोणत्या शब्दांत ते ठरत नव्हतं. तीच म्हणाली, “नाव सांगायला माझी हरकत नाही. फक्त तिथे तुम्ही सांगायचं. मी सांगितलं तर म्हणतील, बाई दुकानाची आहे, पढवून आणली. तुमच्याकडे बघून तसं कुणी म्हणणार नाही.”

ही स्तुती होती का, ते मी विचारलं नाही.

पोयनाडला उतरून खारबांधावरून अर्धा तास चाललो. दोन्ही बाजूंना मिठागरं, मिठाचे ढीग उन्हात चमकत होते. गावात शिरताच गाणं ऐकू आलं. अंबाजीच्या दारात आंब्याच्या डहाळ्यांचा मांडव होता आणि मध्ये पाटावर मैना बसली होती, मान खाली घालून. तिच्याशेजारी एक धिप्पाड बाई गात होती. ती सखुबाई, तिकडची धवलारीण. त्या भागात लग्न लावायचं काम या बाईचं. ती गाण्यातूनच एकेक विधी सांगत जाते, आणि मांडवात तिचा शब्द शेवटचा. अंबाजीने आम्हाला खाटेवर बसवलं. मांडवात चाळीसएक बायका होत्या आणि त्या सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

थोड्याच वेळात वाजंत्री वाजली. नवऱ्याकडच्या बायका उष्टी हळद घेऊन आल्या. पुढे ठमाबाई, अंगाने एवढीशी, पण ताठ. तिच्या हातात फडक्याने झाकलेलं ताट होतं. ते तिने खाली ठेवलं नाही.

“शालवाचा काय झाला?” तिने अंबाजीला विचारलं. मग मला पाहिलं. “ह्यो दुकानवाला?”

मी उभा राहिलो. वाटेत जुळवलेलं सगळं नाहीसं झालं आणि तोंडातून जे बाहेर पडलं ते असं: “सदर शालू...”

कुणीतरी फिस्सकन हसलं.

“हा शालू,” मी पुन्हा सुरुवात केली, “माझ्या बायकोचा आहे. ही माझी बायको. आमचं लग्न शके अठराशे चव्वेचाळीसच्या वैशाखात झालं. रेवदंड्याला.”

“आनि हळद?”

“ती होती. मी घालवली.”

मग मी सगळं सांगितलं, कारण कुठे थांबायचं ते मला समजेना. रिठे सांगितले, धोतर सांगितलं, कावळे, छत्री, तांब्यातले निखारे, पुस्तकातलं वाक्यही सांगितलं. चुणी काढायला किती वेळ लागला तेही सांगितलं. माझा आवाज मलाच परका वाटत होता.

एका बाईने विचारलं, “तीन दिस उनात बसला?”

“हो. दुपारी.”

“का?”

“डाग वाईट दिसतो असं मला वाटलं.”

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. ठमाबाईचं समाधान झालं नव्हतं. तिने ताट एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतलं आणि डोळे बारीक केले.

“सोताच्या बायकूचा शालू. लग्नातला. तीन दिस हातात व्हता, आनि वळखला न्हाय?”

“नाही.”

“कसा न्हाय?”

मी मनुबाईकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, तिने नजर जमिनीला लावली होती. तिलाही या प्रश्नाचं उत्तर हवं होतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. छत्तीस वर्षं तिने तो विचारला नव्हता.

“मी लग्नात वर बघितलंच नाही,” मी म्हणालो. “मला लाज वाटत होती. तोंडावर मुंडावळ्या होत्या, त्यांचा आधार होता. अंतरपाट बाजूला झाला तेव्हा सगळे म्हणाले, बघ, बघ. मी खाली पडलेल्या अक्षता बघत राहिलो. शालू कोणत्या रंगाचा होता ते मला आज एसटीत कळलं. मला फक्त तिचे पाय दिसले होते. पायांना हळद होती. तेवढं मी शपथेवर सांगू शकतो.”

आधी सखुबाई हसली. तिचं हसणं गाण्याइतकंच मोठं होतं. मग सगळा मांडव हसायला लागला, वाजंत्रीवालेसुद्धा, आणि पाटावर बसलेली मैना गुडघ्यांत तोंड खुपसून गदगदू लागली. ती रडते आहे असं वाटून मी घाबरलो, पण तीही हसत होती. मनुबाईने पदर तोंडाला लावला होता. तिचे कान लाल झालेले मी पाहिले.

ठमाबाई हसू ओसरेपर्यंत थांबली. मग म्हणाली, “नाटकवाला न्हाय ह्यो. नाटकवाला आसता त पाठ करून आला आसता.”

अंबाजीने दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. पण म्हातारीचं अजून संपलं नव्हतं.

“मानला,” ती म्हणाली, “सवाशिनीचा हाय, खऱ्या लग्नाचा हाय. पन हळद ग्येली ती ग्येलीच न्हवं? कोऱ्या पदराला माज्या नातवाची गाठ कशी बांदू?”

पुस्तकात हळद घालवायची कशी ते होतं, परत आणायची कशी ते नव्हतं. मैनाने मान वर केली होती, ती एकदा ताटाकडे आणि एकदा मामाकडे बघत होती.

सखुबाई उठली. “ठमे, त्या ताटात काय हाय?”

“म्हाईत न्हाय व्हय तुला? उष्टी हळद.”

“कोनाची उष्टी?”

“माज्या नातवाची.”

“त्याच्या आंगाची उतरलेली हळद हिला लागली न्हाय, त लगीन लागतं का?”

“न्हाय.”

“मंग दुसऱ्याच्या आंगावरनं आलेलं चालतं आपल्याला. त्याबिगर चालतच न्हाय. शालू बी तसाच आलाय, येकीच्या आंगावरनं दुसरीच्या आंगाव. हळद धुतली त लाव पुन्यांदा, ताट त हातातच हाय तुज्या.” तिने मनुबाईकडे हात केला. “बाय, तू ये. पयली तू न्येसलीस, पयलं बोट तुजं.”

मनुबाई पुढे झाली. अंबाजीने शालू उलगडला, पदराचं टोक सुपावर पसरलं. ठमाबाईने ताटावरचं फडकं काढलं, पण ताट हातातच ठेवलं, अजूनही परत न्यायचं असल्यासारखं. मनुबाईने हळदीत बोट बुडवलं आणि टोकाला लावलं. बरोबर कुठे लावायचं ते तिला शोधावं लागलं नाही. मग तिने ताट आपल्या हातात घेतलं आणि म्हणाली, “आजी, आता तुम्ही.”

म्हातारीने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग तिने बोट नाही, सगळा पंजाच हळदीत बुडवला आणि पदरावर असा दाबला की मी डोळे मिटून घेतले. तीन दुपारींचं काम होतं ते.

“आता जा म्हनावं धुयाला,” ती म्हणाली, आणि सखुबाईने गाणं उचललं.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. आम्हाला जाऊ दिलं नाही. मैना शालू नेसून आली तेव्हा अंबाजी मांडवाच्या खांबाला धरून उभा होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला डाळिंबी, डाळिंबी असं सांगत होता, जणू ते कुणाला दिसत नव्हतं. मी पुढे जाऊन उभा राहिलो. शालू चांगला दिसत होता. पदरावर पाचही बोटं उमटली होती, आणि बायका वाकून वाकून ती बघत होत्या.

जेवणं झाल्यावर मी वही काढली, नंबर एकपुढे विकला अशी खूण करावी म्हणून. तेवढ्यात समोर ठमाबाई येऊन बसली. तिच्या काखेत एक बोचकं होतं. ते तिने माझ्या वहीवरच ठेवलं आणि गाठ सोडली. आत हिरवं रेशमी लुगडं होतं, विरत चाललेलं, आणि पदराचं टोक कढीत बुडवल्यासारखं पिवळं.

“माजं हाय. पेटीत कुजवून काय करू? दुकानात ठेव. धुवू नको.”

मी नियम सांगितला. नाव लिहिलं जाणार नाही, कुणाला कळणार नाही, फक्त नंबर.

“का? मी चोरलंय व्हय? नाव लिव. वाचून दाव घेनारीला.”

तिच्या मागे आणखी तीन बायका उभ्या होत्या, आपापली बोचकी घेऊन, आणि सगळ्या एकदम बोलत होत्या. मनुबाईने मला कोपराने ढोसलं. मी नवं पान काढलं, सवयीने घातलेला नंबर खोडला आणि नाव लिहिलं. मग विचारलं, लग्न कोणत्या साली झालं?

“बांद फुटला त्या साली.”

“म्हणजे कोणत्या?”

“आता सांगितलं न्हवं? बांद फुटला त्या साली. नवरा दिसायला बरा व्हता, त्ये बी लिव.”

मी तेही लिहिलं.